बरी आसत

मेस्त्रींनी माझ्या हत्यारांची गुंडाळी उलगडली, बाराच्या बारा पटाश्यांवरून एकदा नजर फिरवली, एकीच्या पात्यावर अंगठा आडवा टेकवला आणि विचारलं, "काय कोरूचां आसा?" मी म्हटलं, "असंच. छोटं, नाजूक काहीतरी. शिकायचंय." त्यावर ते काहीच बोलले नाहीत. गुंडाळी मिटली. तिची नाडी मी घरून निघताना कशीबशी वेटोळी घालून खोचली होती; त्यांनी ती दोनदा फिरवली, टोक आतून घेतलं, ओढलं की सुटेल अशी गाठ मारली आणि गुंडाळी माझ्या हातात दिली. "बरी आसत," म्हणाले, आणि समोर टेकवलेल्या दाराच्या चौकटीकडे वळले.

गेल्या वर्षीचा आषाढ. पाऊस धरून होता. मेस्त्रींच्या मांगरातून, म्हणजे सुतारकामाच्या छपरातून, आमच्या घरापर्यंत स्कूटरनं दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं मी रेनकोटाच्या आत ती गुंडाळी पोटाशी धरून त्या दोन शब्दांचा कीस पाडत होतो. आमच्या वेंगुर्ल्याकडे 'बरां' या शब्दाचा भरवसा नाही. सोलकढी अप्रतिम झाली तरी 'बरी', आणि पाहुण्याला वाटेला लावायचं असलं तरी 'बरां मगे'. माणूस अत्यवस्थ असला तरी विचारणाऱ्याला 'बरो आसा' सांगतात, उगाच चर्चा नको म्हणून. तेव्हा माझ्या पटाश्या यातल्या कुठल्या अर्थानं बऱ्या होत्या? तसं बघितलं तर उत्तर त्या गाठीत होतं. ओढताच सुटेल अशी गाठ माणूस पुन्हा उघडायच्या वस्तूलाच मारतो. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला नुसतं लागलं होतं.

शिवाय मी खोटं बोललो होतो. काय कोरायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या घरात मोदकाचा एक लाकडी साचा आहे. आजीचा म्हणतात, पण आजी म्हणायची की ती लग्न होऊन आली तेव्हाही तो फळीवर होताच. मुठीत मावेल एवढा, दोन फाळ्यांचा, फाळ्या एकमेकींवर बसाव्यात म्हणून एकीला दोन बारीक खुंट्या आणि दुसरीला त्यांची भोकं. बाहेरून नुसता ओबडधोबड ठोकळा, हातांनी काळा तुळतुळीत झालेला. आत मात्र कळ्या इतक्या बारीक की लहानपणी मी त्यात नख घालून वरून खाली ओढत बसायचो, कर्र कर्र आवाज यायचा आणि आजी ओरडायची. उकडीच्या मोदकाला आजी साचा लावू देत नसे. साच्यातला उकडीचा मोदक म्हणजे तिच्या मते आळशी बाईचा पुरावा. साचा होता खव्याच्या मोदकांसाठी, रात्री भजनाला येणाऱ्या मंडळींना वाटायला. त्यामुळे त्याला कायम तूप, वेलची आणि किंचित खवट असा वास. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधी आईनं तो डब्यातून काढला तर खाली मैद्यासारखं पीठ सांडलेलं. भुंग्यानं एक फाळी आतून पोखरली होती. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी सहा-सात भोकं, बोटानं दाबलं तर दोन कळ्या कोसळल्याच. आई म्हणाली, बाजारात ॲल्युमिनियमचा मिळतो, प्लास्टिकचाही. मी म्हटलं, मी करतो. कोणी विचारलं नव्हतं.

आणि करायचं ठरल्यावर मी जे पहिलं काम केलं ते म्हणजे खरेदी. हे बहुधा माझ्या पिढीचं आणि माझ्या पगाराचं दुखणं आहे. दिवसभर लॅपटॉपवर काम, त्यामुळे हातानं काही करायची भूक मोठी, पण ती भागवायची रीतही पुन्हा स्क्रीनवरूनच. दोन महिने मी व्हिडिओ बघितले. गोल पटाश्यांना नंबर असतात हे कळलं: ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्धगोल, ११ म्हणजे खोल यू, आणि नंबरापुढे रुंदी मिलिमीटरमध्ये. असलं काही पाठ झालं की आपल्याला ते काम येतं असं वाटायला लागतं. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ग्रिन्लिंग गिबन्स नावाच्या माणसानं लिंडनच्या लाकडात अशी फुलं-पानं कोरली आहेत की वारा आला तर हलतील. ती मी मोठी करकरून बघितली. जपानी लोक किमोनोच्या कमरपट्ट्यात अडकवायला लाकडाचे नाहीतर हस्तिदंताचे गुंडे करत, नेत्सुके म्हणतात त्यांना. आवळ्याएवढ्या गुंड्यावर उंदराच्या पायाची नखंसुद्धा. ती बॉक्सवूडमध्ये. अमेरिकन शिक्षक एकमुखानं सांगत होते, नवशिक्यानं बासवूड घ्यावं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. आंबा, फणस, माड, काजू, कुंपणाला पांगारा, विहिरीवर जांभूळ. बासवूड काही दिसलं नाही. तेही ऑनलाइन मिळतं, हाताएवढे चार ठोकळे. किंमत बघितली आणि त्या पैशांत सुरमई किती येईल याचा हिशेब आपोआप झाला.

लाकूड नाही मागवलं, पण हत्यारं मागवली. बाराचा संच, मुठींवर चकचकीत व्हार्निश, वर खाकी कॅनव्हासची गुंडाळी. कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे. घरी जुन्या दाराचा सागवानी तुकडा पडला होता, त्यावर मी पहिला घाव घातला आणि पाव तासात पटाशीची धार नखासारखी दुमडली. साग उगाच बदनाम नको. त्याच्या अंगात सिलिका असते, वाळूच म्हणा ना, आणि ती भल्याभल्या पात्याची धार खाते. पण माझ्या पात्याला मुळात धार होती कुठे? कारखान्यातून आलेली नुसती चमक होती. जिथे कळी उमटायला हवी तिथे उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. ते घेऊन मी आषाढात मेस्त्रींकडे गेलो. आणि त्यांनी सरळ विचारलं तेव्हा 'मोदकाचा साचा' म्हणायची का कोण जाणे मला लाज वाटली. चुलीपाशी लागणारी वस्तू, आणि त्यासाठी साडेतीन हजारांची हत्यारं. 'शिकायचंय' हा शब्द कसा प्रतिष्ठित वाटतो.

महिनाभर गुंडाळी तशीच राहिली. आमच्याकडे पावसाळ्यात हत्यार तसं ठेवून चालत नाही. समुद्र एक किलोमीटरवर. हवेत ओल आणि मीठ, दोन्ही. श्रावणात मी गाठ ओढली, ती खरंच एका झटक्यात सुटली, आणि आत बारांपैकी नऊ पात्यांवर तांबूस ठिपके. आईनं न विचारता खोबरेल तेलाची वाटी पुढे ठेवली. ती आडाळ्याला, म्हणजे विळीला, लावते तसं. मी कापसाच्या बोळ्यानं एकेक पातं पुसत बसलो, आणि पहिल्यांदाच ती हत्यारं नीट बघितली. बारांपैकी सात माझ्या साच्याच्या पोटात शिरणारच नव्हती. कळीची खाच तीन मिलिमीटर. माझी सर्वांत बारीक गोल पटाशी सोडली तर बाकीच्या पाच, आठ, दहाच्या. म्हणजे मी आधी बारा चाव्या घेतल्या होत्या आणि मग कुलूप शोधत फिरत होतो.

त्या दिवशी साचा पिशवीत घातला आणि पुन्हा मेस्त्रींकडे गेलो. या खेपेला हत्यारं घरी.

मेस्त्रींनी साचा हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. आधी त्यांनी तो नाकाशी नेला. मग दाराशी उजेडात जाऊन पोखरलेल्या फाळीच्या मोडलेल्या कडेवर चाकूच्या टोकानं एक पातळ टवका काढला, तो बोटांत मळला, आणि आडव्या छेदावर थुंकी लावून अंगठ्यानं पुसली. ओलं केलं की लाकडाची रंध्रं आणि वाढीची वर्तुळं उघडी पडतात. काळ्या कातडीखाली आत लाकूड फिकट होतं, सायीच्या रंगाचं. "शिवण," ते म्हणाले. "ह्यां आदी कित्याक नाय हाडलंस?" मी काहीतरी पुटपुटलो. ते ऐकायला थांबले नाहीत. फाळ्या उघडून त्यांनी एकीतल्या कळ्या मोजल्या, मग दुसरीतल्या. नऊ आणि आठ. मी लहानपणापासून त्यात नखं घातली, पण मोजल्या कधी नव्हत्या. दुसऱ्या फाळीतली एक कळी इतरांपेक्षा जाड होती. "हयसर चुकलो," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांना त्याचा इतका आनंद झाला की शंभर वर्षांपूर्वीचा (असेल तितका) तो कोणी सुतार जणू कालच त्यांच्या शेजारी बसून चुकला होता.

शिवणीचं झाड मला ओळखता येत होतं, पण लाकूड म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या शाळेच्या वाटेवर शिवणीची पिवळी फळं पडलेली असत, गुरं ती चघळत. फर्निचरवाले सागाचं नाव घेतात, घर बांधणारे ऐन आणि किंजळ म्हणतात. शिवणीचं नाव कोणी मिरवत नाही. पण वाद्यांची खोडं करणाऱ्याला विचारा. हलकं, एकसारखं, वाळताना फारसं न आकसणारं, आणि एकदा वाळलं की सहसा न वाकणारं. साच्याला नेमकं हेच हवं, कारण दोन फाळ्यांमध्ये केसाची फट पडली तरी खवा तिथून बाहेर येतो आणि मोदकाला कडेनं पापुद्र्यासारखा कान फुटतो. लाकूड लांबीला हलत नाही, आडव्या अंगानं फुगतं आणि आकसतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुलैत दारं चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतात. त्यात साचा लागतो तो भाद्रपदात, म्हणजे हवा अजून ओलीच असताना. ज्यानं हा साचा केला त्यानं हे धरलं असणार. फाळ्या एकाच तुकड्यातून चिरलेल्या होत्या, दोन्हींची नस (लाकडातल्या धाग्यांची रेघ) एकाच दिशेची, म्हणजे फुगल्या तरी बरोबरीनं फुगतील. मेस्त्रींनी ते बोटानं दाखवलं तेव्हा मला कळलं.

मी विचारलं, फणस चालला असता का? परसात एक फांदी पडली होती, ताजा काप हळदीसारखा पिवळाधमक, फार सुंदर. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. आमचा गाव आरवलीला लागून. आरवलीच्या वेतोबाची जुनी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आणि तिथली माणसं फणस घरकामाला वापरत नाहीत. मेस्त्रींची सासुरवाडी तिकडची, त्यांनीही कधी वापरला नाही. "फणस हयसर कोण कोरता?" एवढंच म्हणाले. मला एकदम लहानपणी बघितलेल्या वेतोबाच्या पायांशी ठेवलेल्या त्या अचाट चामडी वहाणा आठवल्या. रात्री देव गावात फिरतो म्हणून झिजतात असं सांगायचे, आणि मी टॉर्च मारून आमच्या अंगणात पावलं शोधायचो. बाहेर वीणा आणि मृदंग फणसाचे होतात, देव्हारे होतात. मोदकाच्या साच्याला तो कसा, ते मला ठाऊक नाही. त्याची नस उलटसुलट गुंफलेली असते, बारीक खाचेत भरकन उपटून येईल असं वाटतं. पण तिथे प्रश्न नसेचा नव्हताच.

पांगाऱ्याचं मात्र त्यांनी मला शिकवलं. सावंतवाडीची लाकडी फळं पांगाऱ्याची करत. चितारआळीतून आजोबांनी मला आणलेल्या परडीत एक केळं होतं, त्याला मी खरंच दात मारला होता. रंग जिभेवर आला आणि लाकूड दाताखाली पावासारखं दबलं. इतकं मऊ लाकूड म्हणजे कोरायला सोपं, असा माझा समज. मेस्त्रींनी कुंपणाचा वाळलेला पांगारा आणला आणि मला म्हणाले, आडव्या नसेवर एक टवका काढ. त्यांच्याच पटाशीनं काढला तरी कापलेली जागा कापसासारखी फिसकटली. त्यांनी पटाशी घेतली, दगडावर चार हात मारले, मग मांडीवर ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर (न्हाव्याकडे असायचा तसा) उलटीसुलटी आठदहा वेळा ओढली आणि तोच टवका काढला. कापलेली जागा मेणासारखी चकाकली. "मऊ लाकडाक धार जास्त लागता." कडक लाकूड बोथट पात्यालाही उभं राहतं, तुटतं तरी. मऊ लाकूड पात्याखाली आधी चेपतं, मग फाटतं. त्यामुळे धार लागली की नाही याची परीक्षा ते पांगाऱ्यावर करतात. शिसवी कापली गेली म्हणजे पटाशी चांगली, असं मी समजत होतो.

मग त्यांची हत्यारं निघाली. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत तेलकट फडकं, फडक्यात सहा. फक्त सहा. एक सपाट पटाशी, इतकी झिजलेली की बोटभर उरलेली. तीन गोल, ज्यांना नंबर नव्हते. एक 'अंगठ्याची', एक 'करंगळीची', कारण पात्याचा बाक त्या त्या नखाशी जुळतो. आणि नंबर घोकून बसलेल्या मी लगेच माझ्या करंगळीचं नख बघितलं, ते त्यांच्यापेक्षा चपटं निघालं. एक कानशीपासून केलेलं अणकुचीदार पातं. लोहारानं आधी तापवून नरम करून, घडवून, पुन्हा लाल करून तेलात बुडवलेलं. मग गवती पिवळा रंग चढेपर्यंत हलकं तापवायचं, नाहीतर काचेसारखं तुटतं. आणि सहावं हत्यार म्हणजे पेरूच्या लाकडाची बुटकी मूठ आणि तिच्यात बसवलेली एक बारीक, पन्हळीसारखी सळई. मी फिरवून फिरवून बघितली. असलं काही कुठल्याच व्हिडिओत बघितलं नव्हतं.

"छत्रयेची काडी ती," मेस्त्री म्हणाले.

जुन्या काळ्या छत्रीची पोलादी काडी आडवी कापली तर ती यू आकाराची पन्हळ असते. टोकाला आतून-बाहेरून धार दिली की दोन-तीन मिलिमीटरची गोल पटाशी तयार. पोलाद आधीच स्प्रिंगसारखं कडक, तापवायचीही गरज नाही. आमच्या साच्यातली खाच त्यांनी या काडीला लावून दाखवली. काडी खाचेत अशी बसली की मधे कागद गेला नसता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चुकणाऱ्या सुतारानंही छत्रीच मोडली होती? मेस्त्रींनी खांदे उडवले. मी मात्र घरी येऊन माळा उपसला. आजोबांच्या तीन छत्र्या सापडल्या, कापड उंदरांनी खाल्लेलं, बांबूच्या मुठी कशाच्या कशा. एकीच्या आठही काड्या गंजून भुगा झाल्या होत्या. दुसरीच्या पाच चांगल्या निघाल्या. आजोबा त्या छत्रीखाली मला शिरोड्याच्या बाजारात नेत, आणि छत्री कायम त्यांच्या बाजूला कलती. माझा उजवा खांदा भिजायचा. हे आठवून मला इतक्या वर्षांनी रागही आला आणि हसूही. त्यांच्या छत्रीची काडी मी पक्कडीनं कापली.

धारेत माझे तीन आठवडे गेले, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दगडावर पातं २०-२५ अंशांत धरायचं आणि मनगट हलू द्यायचं नाही, बस. माझं हलायचं. गोल पटाशी ओढताना सोबत वळवत न्यावी लागते, नाहीतर दोन्ही कडा झिजतात आणि मधे जीभ उरते. धार लागली की पात्याच्या पाठीला बोटाला जाणवेल न जाणवेल अशी किनार उभी राहते, ती पट्ट्यावर मोडायची. मग अंगठ्याच्या नखावर पातं अलगद टेकवायचं. घसरलं तर परत दगडावर. रोवलं तर झालं. माझी नखं त्या महिन्यात किसणीसारखी झाली होती आणि ऑफिसच्या कॉलवर मी हात कॅमेऱ्याबाहेर ठेवत होतो.

शिवणीचा तुकडा मेस्त्रींनीच दिला. त्यांच्या मांगरात छपराखाली आडवे लावलेले ओंडके आहेत, टोकांना शेण फासलेलं, कारण लाकडाची ओल टोकांतून सर्वांत आधी उडते आणि तिथेच चिरा जातात. काही ओंडके त्यांनी आधी तळ्यात बुडवून ठेवलेले. पाण्यात लाकडातलं सत्त्व निघून जातं, मग भुंग्याला खायला काही उरत नाही. आमच्या साच्याच्या बाबतीत हे कोणी केलं नसावं, किंवा केलं असेल आणि आमच्या तुपानं त्यावर पाणी फिरवलं असेल. दर इंच जाडीला एक वर्ष वाळवायचं, असा त्यांचा हिशेब. माझा तुकडा दीड इंचाचा होता आणि चार वर्षांचा. त्यात बाहेरचं कोवळं लाकूड नव्हतं, नुसता गाभा. तोलून बघितला तर वाटलं त्यापेक्षा हलका. त्याला वास जवळजवळ नव्हताच. सागाच्या साच्यात दाबलेल्या खव्याला सागाचा, जुन्या चामड्यासारखा वास लागला असता, हे तेव्हा डोक्यात आलं.

उलटं कोरणं म्हणजे काय हे हातात पटाशी घेतल्याशिवाय कळत नाही. जी कळी मोदकावर उठून दिसणार ती लाकडात खाच असते. दोन कळ्यांमधली जी घळ, ती लाकडात धार असते, उभी, पातळ, आणि एका चुकीच्या धक्क्यानं उडणारी. त्यात साच्याचं पोट वाटीसारखं. एका बाजूनं उतरताना नस तुमच्या बाजूची, तळ ओलांडून चढायला लागलात की तीच नस उलटी. पहिल्या दिवशी मी एका दमात वरून खाली आणि खालून वर गेलो आणि तीन कळ्यांच्या धारा उपटल्या. मेस्त्री शेजारी बिडी ओढत बसले होते. "वरसून खाली ये. खालसून वर जाव नको." दोन्ही काठांवरून तळाकडे, कायम उतारानं. कितपत जमलंय ते बघायला ते घरातून कणकेचा गोळा मागवत. तो दाबून काढला की माझी चूक उलटी होऊन हातात येई, पिवळसर, मऊ, आणि फार हास्यास्पद. एकदा गोळा निघेचना. मी खाच तळाशी वरच्यापेक्षा रुंद करून ठेवली होती. मोदकाचं टोक साच्यातच राहिलं आणि बुडखा माझ्या हातात आला. त्यांच्या सुनेनं ते बघितलं आणि आत जाऊन हसली. आवाज आला.

तरीही भाद्रपदाच्या आधी माझी एक फाळी पुरी झाली. नऊ कळ्या, सगळ्या सारख्या. दुसरीची सहावी कळी कोरताना डावा अंगठा पात्यासमोर होता (समोर असू नये, हे सगळ्या व्हिडिओंत पहिल्या मिनिटाला सांगतात) आणि धार आता खरी होती. कळलंच नाही. आधी लाकडावर लाल दिसलं, मग दुखलं. शिवण फिकट, त्यामुळे रक्त नसेनसेनं चढत गेलेलं दिसत होतं, शाईच्या टिपकागदासारखं. आईनं हळद दाबली, पट्टी बांधली आणि मग फाळी उचलून बघितली. बराच वेळ बघितली. कळ्यांवरून बोटही फिरवलं. "छान झाल्यात रे," म्हणाली. आणि मग, "पण हा बाजूला ठेव. दुसरा कर." मी म्हटलं, तासून काढतो, वरवरच आहे. ती म्हणाली, "नैवेद्याला नको." वाद घालण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, आणि घातला नाही. तो साचा आता माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. डाग तपकिरी झालाय, माहीत नसलं तर गाठ वाटेल.

त्या चतुर्थीला खव्याचे मोदक झाले नाहीत. भजनी मंडळाला लाडू वाटले. कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

यंदा वैशाखापासून पुन्हा बसलोय. नवा तुकडा, तीच काडी. आषाढात एका संध्याकाळी मेस्त्री आमच्या घरी आले, आईशी माडाच्या भावाबद्दल बोलले, चहा घेतला, आणि मग मला म्हणाले, "ती बारा खंय आसत?" मी गुंडाळी आणून दिली. त्यांनी ती उघडली, या वेळी एकेक करून सगळी बाहेर काढली. सर्वांत बारीक गोल, तीन मिलिमीटरची, नखावर टेकवली. ती रोवली, मधल्या काळात मी सगळ्यांनाच धार लावली होती. त्यांची छत्रीची काडी मोडली होती, हे मला आईकडून नंतर कळलं. आताच्या बऱ्याच छत्र्यांना ॲल्युमिनियमच्या नाहीतर फायबरच्या काड्या, त्यांची पटाशी होत नाही. माळ्यावरच्या आजोबांच्या चार काड्या अजून आहेत, मी म्हणालो असतो तर एक देता आली असती. पण मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्यांनी मागितली नसतीच.

"ही ऱ्हवांदे माज्याकडे," म्हणाले. बाकीची अकरा गुंडाळीत परत घातली, नाडी दोनदा फिरवली, टोक आतून घेतलं.

परवा मांगरात गेलो तर डब्यातल्या फडक्यात ती दिसली. व्हार्निशची मूठ काढून टाकली होती आणि पेरूची बुटकी बसवली होती. पात्याची उतरणही त्यांनी घासून लांब केली आहे, माझ्यापेक्षा चपटी. क्षणभर वाटलं, विचारावं. मग माझ्या नव्या फाळीतली चौथी कळी दाखवली, ती जरा जाड झाली आहे. त्यांनी बघितली, हसले, साचा परत दिला.

आईनं कालच विचारलं, चतुर्थीपर्यंत होणार आहे का तुझा साचा, की खवा आणायचाच नाही. दुसऱ्या फाळीच्या तीन कळ्या राहिल्यात. म्हटलं, यंदाही लाडूच कर.